मोठीबायची कल्हई

वैशाख लागला की माझ्या नाकात आधी ओल्या लाकडाचा धूर शिरतो आणि त्याच्यामागून आमसुलाचा वास. आता आमच्या भाईंदरात दोन्ही नाहीत. समोरच्या हॉलवर रोज एक लग्न उभं राहतं, टेम्पो येतो, त्यातून गॅसच्या टाक्या उतरतात, चकचकीत स्टीलचे डबे उतरतात, त्यांच्याखाली इवलीशी ज्योत लावतात आणि माणसं ताट हातात धरून उभ्याउभ्या जेवतात. धूर नाही, राख नाही, कोणाचे डोळे लाल नाहीत. टेम्पोवर मोठ्या अक्षरांत नाव असतं. ते माझं नाव आहे. नातू धंदा करतो, नाव आजोबाचं लावलंय. लोक म्हणतात, नशीबवान आहेस धर्मा. मी मान हलवतो.

माझी बायको गेल्या आश्विनात गेली. सवाष्ण गेली, हिरवं लुगडं नेसून गेली. हा पहिला वैशाख तिच्याशिवाय. मी तिसरी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. पण यंदा माळ्यावरून मोठीबाय खाली आली आणि मला बसवेना, म्हणून लिहितोय.

मोठीबाय म्हणजे आमचं पहिलं पितळी तपेलं. नाव बायकोनंच ठेवलं होतं. दोन माणसांनी कानाला धरून उचलायचं, आत शेळीचं करडू बसेल एवढं पोट. त्यानंतर घेतलेल्या भांड्यांना पण तिनं नावं दिली होती. आमटीचं बसकं पातेलं ते मावशी, भाताचं उंच पातेलं ते उंटीण, आणि एक परात कायम डुगडुगायची, तिला ती माझ्या आईचं नाव घेऊन हाक मारायची. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं परातीला लाथ मारली आणि मग स्वतःच हसत बसली.

नातवानं मोठीबायला चिंचेनं घासघासून बाहेरून सोन्यासारखी केली. काशीगावात एक लग्न घेतलं होतं, तिथं मांडवाच्या तोंडाशी पाणी भरून, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडून ठेवायची, शोभेला. मला म्हणाला, बाबा, लोक फोटो काढतील. मी वाकून आत बघितलं. आतून पोट पिवळं पडलेलं, जागोजाग काळे डाग. चाळीस-बेचाळीस वर्षं कोणी कल्हई केली नाही त्या भांड्याला. शेवटची करायची राहिली ती माझ्यामुळेच.

तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरं, खाडी, दोनतीन आळ्या आणि स्टेशन. वैशाखात मिठाच्या राशी अशा पांढऱ्या पेटायच्या की डोळे बारीक करून चालावं लागायचं. अंगावर घाम सुकला की त्याचंही मीठ व्हायचं. मी मिठागरावर होतो. पायाच्या भेगांत मीठ जायचं, ते दुखणं ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही भोगलं त्याला सांगून उपयोग नाही. मीठ आणि लग्नं, दोन्ही एकाच हंगामात. पाऊस आला की दोन्ही बंद.

लग्नाचं जेवण तेव्हा भावकीच रांधायची. भांडी घराघरांतून मागून आणायची. कोणाची कढई, कोणाचा हंडा, आणि लग्न झाल्यावर आठ दिवस बायका आपापली भांडी ओळखत फिरायच्या, भांडायच्या. माझ्या बायकोचा हात चांगला, म्हणून तिला सगळीकडे बोलावणं. दोनशे पानांचा भात ती झाकणाला कान लावून उतरवायची. आतून फुसफुस थांबून खुसखुस सुरू झाली की म्हणायची, काढा. वालाची आमटी तर तिचीच. सोललेले वाल, खोबऱ्याचं वाटण, गूळ, आणि शेवटी आमसूल. लोक भात संपल्यावर द्रोणातून नुसती प्यायचे.

माझं डोकं तेवढंच चाललं, की लोकांना भांडी पण पाहिजेत आणि रांधणारं पण पाहिजे, दोन्ही एका दारातून दिलं तर? तिला बोललो. तिनं माहेरच्या दोन पितळी घागरी आणि एक हंडा काढून पुढ्यात ठेवला. ते मोडीत घातलं, वर माझी मिठागराची दोन हंगामांची कमाई घातली, आणि मुंबईहून मोठीबाय आणली. रेल्वेच्या डब्यात आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून आलो, मध्ये लहान पोर घेऊन बसावं तसं.

भांड्यांवर नाव घालणारा आळीत यायचा, छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन. टुकटुक करत ठिपक्याठिपक्यांनी नाव काढायचा. त्यानं विचारलं, काय घालू? मी माझं आणि बापाचं नाव सांगितलं. ती दारात तांदूळ निवडत होती. हसून एवढंच बोलली, "घाला. पन माझ्या घागरी हायेत तिच्या पोटात."

मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं.

मग दर हंगामाला एक भांडं वाढत गेलं. मावशी आली, उंटीण आली, झारे आले, लोखंडी कढई आली. पाण्याची पिंपं आली. बैलगाडीत भांडी भरायची तिची एक पद्धत होती. मोठ्यात लहान, मध्ये पेंढा, म्हणजे वाजणार नाहीत. ती म्हणायची, मांडवात भांडी वाजत आली तर घरच्यांची भांडणं होतात. मी गाडी हाकायचो, ती मागं भांड्यांत बसायची. मुर्ध्याला, काशीगावला, घोडबंदरापर्यंत आम्ही गेलो. मांडवात पोचलो की आधी बायका तिला आत न्यायच्या, कारण घाणा भरायला पाच सवाष्णींत तिला घ्यायची रीत पडली होती. मुसळाला आंब्याची पानं बांधायची, हळकुंडं कांडायची, वर धवलारीण गाणं म्हणणार. जिच्या हाताला यश आहे तिचा हात मुसळाला लागला पाहिजे, असं बायका धरायच्या. ती हळदीचे हात घेऊन बाहेर यायची आणि तसेच चुलीला लावायची. पहिल्या जाळाला हळदीचा वास असायचा.

हंगामाच्या तोंडावर वसईकडून होडीतून रहीमचाचा कल्हईवाला यायचा. आमच्या चिंचेखाली खड्डा करायचा, भाता लावायचा. भांडं लाल तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर उसळायचा, आणि मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं एकदा असा हात मारायचा की पिवळ्याचं रुपं व्हायचं. तो धूर नाकात गेला की ठसका यायचा, तरी पोरं तिथंच. रहीमचाचा प्रत्येक भांडं बायकोपुढं ठेवायचा. "देख ले बेटी, मुँह दिखता है?" ती वाकून बघायची. तिची परीक्षा एकच. कपाळाचं कुंकू आत साफ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर म्हणायची, चाचा, परत. आणि तो पुटपुटत परत भांडं चढवायचा.

ज्यांनी पितळेत रांधलं नाही त्यांना सांगतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट घातलं की ते कळकतं. हिरवट रंग येतो, तोंडात पैसा धरल्यासारखी चव येते, पोटात ढवळतं, माणूस ओकून अर्धा होतो. हे आमच्याकडं लहान पोरीला पण माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

लढाईचं वर्ष होतं. साखर मोजून, रॉकेल मोजून. कथील तर दिसेना. रहीमचाचा आला तो हात हलवत. म्हणाला, थोडंसं कथील आहे, मोठी दोन भांडी होतील, पण चार दिवस ठेवून घ्या, नवसागर वसईहून मागवायला पाहिजे. त्या चार दिवसांत माझी तीन लग्नं होती. त्यात एक गावातल्या मोठ्या घरचं. त्यांच्या मथीचं लग्न, नवरा काशीगावचा. त्या घरानं आतापर्यंत बाहेरचा आचारी आणला होता, यंदा पहिल्यांदा मला बोलावलं होतं. मी रहीमचाचाला म्हटलं, पावसानंतर या. तो मोठीबायच्या आत बोट फिरवून माझ्याकडं बघत राहिला. मग बायकोकडं बघितलं त्यानं. होडीकडं गेला.

लग्नाच्या सकाळी गाडी भरताना बघतो तर पेंढ्यात सहा नवी मडकी. तिनं कुंभाराकडून आदल्या दिवशीच आणून ठेवलेली. मी विचारलं, हे काय?

"मोठीबायचा पोट पिवला झालाय. आंबट तिच्यात न्हाय घालाचा. आमटी मडक्यांत करू."

मी तिला काय बोललो ते आजही माझ्या कानात आहे. म्हटलं, मोठ्या घरच्या मांडवात मडकी मांडू? लोक विचारतील, भांडीवाला आलाय का भिकारी आलाय? पितळेची रांग बघून तर त्यांनी मला बोलावलंय. ती म्हणाली, बघू दे ना रांग, भात करू पितळेत, आमटी मागच्या बाजूला करते, कोणाला दिसणार न्हाय. मी मडकी उतरवली नाहीत, पण मांडवात पोचल्यावर कुंपणामागं ठेवली आणि सांगितलं, इथून एक जरी पुढं आलं तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही.

आमसूल मोठीबायमध्ये पडलं.

तरीही कदाचित निभलं असतं. गरम गरम वाढली असती तर कोणाला कळलं नसतं. पण वऱ्हाड उशिरा आलं. नवऱ्याच्या मामाची गाडी खाडीच्या चिखलात रुतली, की बैल बसला, काहीतरी. तीन तास आमटी निखाऱ्यावर राहिली. उन्हानं मांडवाच्या झावळ्या तडतडत होत्या. ती परत माझ्याकडं आली. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, ही आमची रीत, म्हणून तिनं चाखली नव्हती. पण वास घेतला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अजून उतरून घेऊ दे. रंग बदलतोय. वाटल्यास फेकू, नुसता भात नि भाजी वाढू. माझा ऐका."

समोर मथीचा बाप उभा होता, पाहुण्यांना माझी भांडी दाखवत होता. म्हणत होता, बघा, आपल्या गावचा माणूस आहे, बाहेरून आणायला नको आता. माझी छाती फुगलेली होती. त्या फुगलेल्या छातीला मी आमटी फेकायला कसं सांगणार? मी म्हटलं, गूळ घाल वरून.

पहिली पंगत वरपक्षाची. पाऊण तासात पहिला माणूस उठून कुंपणाकडं धावला. मग दुसरा. मग नवरा स्वतः. मुंडावळ्या बांधलेल्या, अंगावर शेला, आणि एक हात खांबाला धरून ओकतोय. म्हाताऱ्या माणसांना मांडवातच आडवं केलं. बायका राख आणि पाणी घेऊन धावत होत्या. पाणी कशातून? कुंपणामागच्या त्या नव्या मडक्यांतून. देवाची कृपा, कोणी दगावलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले. पण त्याआधी नवऱ्याचा बाप चुलीपाशी आला, दोन्ही बाजूंची माणसं त्याच्यामागं, आणि त्यानं विचारलं, हे कोणी रांधलं?

भांडी माझी होती. मांडव मी घेतला होता. नाव माझं ठिपक्याठिपक्यांनी मोठीबायच्या गळ्यावर होतं, त्यानं वाकून बघितलं असतं तर वाचता आलं असतं. मी हात केला तिच्याकडं.

"बाईमाणसाचा हात. आमसूल जास्त घातलंन."

ती चुलीच्या पलीकडं होती, हातात पळा. कपाळावरचं कुंकू घामानं भुवईपर्यंत आलं होतं. सगळा मांडव तिच्याकडं बघायला लागला. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कल्हई झालेल्या भांड्यात बघायची तसं, आत काय दिसतंय ते बघायला. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाली, "व्हय. माझाच हात चुकला."

मला वाटलं, सुटलो.

आणि सुटलोच. ही गोष्ट लिहायला सगळ्यात जड जाते. माझं काहीच गेलं नाही. लोक म्हणाले, धर्माची भांडी चांगली, माणूस चांगला, बायकोनं घात केला. पुढच्या हंगामात मी वसईचा आचारी ठेवला, धोतर-टोपीवाला. रहीमचाचा आला तेव्हा बाकी सगळ्या भांड्यांना कल्हई केली. मोठीबाय मी माळ्यावर चढवली, तिच्याकडं मला बघवेना. दोन नवी तपेली घेतली, मग बाकं, मग बत्त्या. लढाई संपली, देश मोकळा झाला, लग्नं वाढली, धंदा वाढला. भांड्यांना आता कोणी नावं ठेवत नव्हतं, आकडे घातले होते. तीन नंबर, सात नंबर.

तिला मात्र कोणी बोलावेना. रांधायला तर नाहीच, घाणा भरायलाही नाही. आळीत लग्न असलं, मुसळाला पानं बांधली, धवलारीण गायला लागली, की आमच्या दारावरून चार सवाष्णी हळदीच्या साड्या नेसून जायच्या आणि पाचवीला पलीकडच्या घरातून हाक मारायच्या. ती ओट्यावर बसून वाल सोलत असायची. वर बघायची नाही. गाणं लांबून ऐकू यायचं, त्याच्यावर तिचे ओठ हलायचे. मी बघितलंय. मी आत जाऊन पडायचो. एक वाक्य बोलायचं होतं मला, कुठल्याही ओट्यावर, कुठल्याही दिवशी. दर वैशाखात म्हणायचो, यंदा बोलू. आणि दर वैशाखात नवी गिऱ्हाइकं यायची.

तिनं मला कधी विचारलं नाही. भांडली नाही. फक्त त्या दिवशी सहातलं एक मडकं डोक्यावर घेऊन घरी आली होती, आणि त्यानंतर आमच्या घरात आमसुलाची आमटी मडक्यातच झाली. एक फुटलं की दुसरं. घरात स्टील आलं तेव्हा सून म्हणाली, आये, स्टीलमध्ये काही होत नाही गं. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, सवय हाय. सुनेला वाटलं म्हातारीचा हट्ट. मी पानावर बसलेलो असायचो. ती मडकं आणून माझ्याजवळ ठेवायची, वाढायची, आणि मी जेवायचो. आठवड्यातून दोनदा, इतकी वर्षं. आमटी फार छान व्हायची. एकदाही मी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचं पण बोलावं लागलं असतं.

गेली तेव्हा थोरला मुलगा पुढं विस्तवाचं मडकं धरून चालला. मी त्या मडक्याकडं बघत मागून चालत होतो. मांडवात नको म्हणालो होतो. शेवटी तिच्यापुढं तेच चाललं, आणि सगळा गाव बघत होता, आणि कोणी म्हणालं नाही की भिकाऱ्याचं आहे.

परवा काशीगावला गेलो ते नातवाच्या आग्रहानं. तिथं पोचल्यावर कळलं, लग्न मथीच्या नातीचं. मथी म्हणजे तीच, त्या लग्नातली नवरी. आता पाठीत वाकलीय, कानानं कमी, पण जीभ शाबूत. मांडवाच्या तोंडाशी मोठीबाय ठेवलेली, पाकळ्या तरंगतायत, पोरीबाळी फोटो काढतायत. मथी काठी टेकत आली, भांड्याच्या गळ्यावर बोट फिरवलं, माझं नाव वाचता येत नव्हतं तरी ओळखलं.

"धर्मादादा, ही तीच ना? हिनं माझे नवऱ्याला बोहल्यावरना उठवला." हसली. "सासरी मना धा वरसं ओकारीची नवरी म्हणायचे. तुझे बायकोला मी लय शिव्या दिल्या रं. गेली म्हणे. चांगली होती तशी, हात तेवढा कळका."

बँड वाजत होता. मी तिच्या कानाशी वाकलो. म्हटलं, मथे, तिचा हात कळका नव्हता. कल्हई मी केली नव्हती. ती मडकी घेऊन आली होती, मी कुंपणामागं टाकली. दोनदा सांगितलं तिनं, आमटी फेकू पण म्हणाली. मी नाही फेकू दिली. आणि मग तिच्यावर घातलं.

तिनं मला परत सांगायला लावलं. ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यांदाही सगळं सांगितलं. तिनं काठी दोन्ही हातांनी धरली. वाटलं, काठी हाणेल. हाणली असती तर बरं झालं असतं.

"आन् मंग आमी तिला घाण्याला बोलावली न्हाय," ती म्हणाली. "माझे पोरींचे लग्नात न्हाय, नातींच्या न्हाय. माहेरी आले की ती दारात बसलेली दिसायची. आता सांगतोस व्हय? ती हाय कुठं ऐकायला?"

मी म्हटलं, मथे, पुढचं लग्न असेल तेव्हा घाण्यात तिच्या नावाचं एक हळकुंड घाल. सवाष्ण गेलीय.

"घालीन," ती म्हणाली. "तिच्यासाठी घालीन. तुझ्यासाठी न्हाय." आणि काठी टेकत आत गेली.

घरी आलो आणि दोन दिवस नीट जेवलो नाही. सूनबाईला वाटलं मांडवातलं बाधलं. मला एकच गोष्ट सलत होती. तिच्यावर घातलं तेव्हा आख्खा मांडव ऐकत होता, दोन गावं ऐकत होती. खरं सांगितलं ते एका म्हातारीच्या कानात, तोही ऐकू न येणारा कान, वर बँड वाजत असताना. आयुष्यभर मी सोयीची जागा बघूनच बोललो.

म्हणून हे लिहिलं. मोठीबायला मी नातवाकडून परत मागून घेतलं आहे. कल्हईवाला आता मिळत नाही, मिळाला तरी माझं तोंड त्यात बघायची मला हौस नाही. ती तशीच पिवळी राहू दे. तिच्या गळ्यावर ठिपक्यांनी माझं नाव आहे, ते खोडून नवं घालणारा माणूसही आता आळीत येत नाही. आमच्यात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, एकदा. मी तिला थोरल्याची आवस, म्हणजे आई, म्हणूनच हाक मारली, आणि मांडवात तर बाईमाणूस म्हटलं.

त्या दिवशी आमसूल बेताचंच पडलं होतं. रांधणारीचं नाव चांगुणा.